रविवारी डोहाकडे बघू नये

फार्कर बॅनरमन हा आमच्या आर्देल नदीवरचा जुन्या वळणाचा शेवटचा गिली. गिली म्हणजे पाहुण्याला मासा मिळवून देणारा, आणि तो पाहुण्यानंच मिळवला असं त्याला पटवून देणारा माणूस. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड. फार्करला पहिलं झकास जमायचं, दुसरं अजिबात नाही. एडिंबरोच्या बड्या वकिलांनाही तो तोंडावर सांगायचा, "साहेब, पाण्याला झोडपताय कशाला? त्यानं काय तुमचं घोडं मारलंय?" वकील लालबुंद होऊन नदीच्या मालकाकडे तक्रार करायचे आणि पुढच्या वर्षी हटकून फार्करच मागायचे.

हे पाहुणे मालकाच्या लॉजवर उतरायचे, तिथं मी स्वयंपाकाला होते. पाहुण्यांचं पोट माझ्या हातात आणि नशीब त्याच्या, त्यामुळे आमचं सकाळ-संध्याकाळ भांडण ठरलेलं. जानेवारीत हंगाम उघडायचा तेव्हा नदीच्या कडा गोठलेल्या असायच्या. गळाच्या काठीला दोरी जायला ज्या कड्या असतात त्यांत बर्फ साचायचा, आणि फार्कर एकेक कडी तोंडात धरून तो बर्फ वितळवायचा. ओठ सोलवटून निघायचे. मी लावायला म्हणून लोणी द्यायचे, तर हा ते पावाला लावून खायचा आणि वर म्हणायचा, "औषध पोटातून घ्यावं, इना."

तो त्याचा शेवटचा हंगाम होता. गुडघे गेले होते, मालकाला त्याची झोपडी नव्या माणसासाठी हवी होती, आणि इन्व्हरनेसला त्याच्या लेकीनं तिसऱ्या मजल्यावर त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "खिडकीतून काय दिसतं?" मी विचारलं. "बसथांबा," तो म्हणाला. "तोही वाहत असतो म्हणे."

सॅमन मासा समुद्रातून नदीत शिरला की काही खात नाही. त्याचं पोटच आक्रसून जातं. तरी गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी समोरून गेली की तोंड उघडतो आणि जिवाला मुकतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. फार्कर म्हणायचा, "लहानपणीची सवय. दुसरं काय?"

आता रविवारचं सांगते. रविवारी आमच्याकडे सॅमनला गळ टाकायचा नाही. कायद्यालाही चालत नाही आणि देवालाही. दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, पोरांचे झोके बांधून ठेवायचे. आमचं चर्च एका टेकाडावर आहे आणि टेकाडाच्या पायथ्याशी नदी वळसा घेते, तिथं डोह आहे. प्रार्थना संपली की सगळा गाव चर्चच्या दगडी भिंतीच्या कडेनं खाली उतरतो, आणि भिंत लागली की सगळ्यांच्या माना खाली. मी किनाऱ्यावरच्या गावातून लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच रविवारी आपली खुशाल नदी बघत चालले होते. सासूबाईंनी दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलं.

"बघू नये," त्या म्हणाल्या. "रविवारी डोहात माणूस उभा असतो. कंबरभर पाण्यात. तो नावानं हाक मारतो. ओ दिलीस की त्याची गळाची काठी तुझ्या हातात, आणि तो मोकळा."

"कोण आहे तो?"

"बघितलं नाही म्हणूनच तर जिवंत आहे मी. मला काय माहीत कोण?"

मी मनात हसले. किनाऱ्यावरची आम्ही माणसं स्वतःला शहाणी समजतो. ते हसू बरीच वर्षं टिकलं. मग फार्करच्या त्या शेवटच्या हंगामात, मार्चमधल्या एका रविवारी, मान खाली असतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून मला तो दिसला. डोहातल्या खडकाच्या खालच्या बाजूला, तपकिरी, पाठमोरा. माणूस वाहत्या पाण्यात उभा राहिला की पाणी त्याच्याभोवती फुटतं, दोन्ही बाजूंना पांढरी रेघ उमटते. त्याच्याभोवती काही फुटत नव्हतं. पाणी त्याला ओळखतच नसल्यासारखं सरळ पुढं जात होतं. घरी येऊन मी बटाट्यांत दोनदा मीठ घातलं, आणि नवरा हेक्टर चक्क काही न बोलता जेवला. त्यालाही दिसला असणार.

मान खाली न घालणारा गावात एकच माणूस होता. फार्कर टोपी हातात धरून, तोंड सरळ डोहाकडे करून भिंतीच्या कडेनं उतरायचा. मागून मर्डिना काठी आपटायची. मर्डिना गावातली सगळ्यात म्हातारी, आणि रीतिरिवाजांची स्वघोषित फौजदार.

"फार्कर, मान!"

"आखडलीय, मर्डिना. वाकत नाही."

"देवासमोर तर बरी वाकते!"

"देव समोर कुठं असतो? तो वर असतो."

लोक खाली बघूनच हसायचे. मला वाटायचं, हा भुताखेतांना न मानणारा गडी. काय तरी समज माझा!

जूनमध्ये नदी आटली. दगड उघडे पडले, मासे समुद्राच्या तोंडाशी पावसाची वाट बघत थांबले आणि पाहुणे लॉजमध्ये पत्ते कुटत बसले. फार्कर माझ्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलायला यायचा. एका दुपारी वाटाणा सोलता सोलता तो म्हणाला, "इना, तू इथली नाहीस, म्हणून तुला सांगतो."

मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, पोरं झाली, सासू पुरली, तरी मी इथली नाही?"

"नाहीस. आणि ते बरंच आहे."

मग त्यानं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ टॉर्किल वीस वर्षांचा होता आणि हा नऊ वर्षांचा. टॉर्किलनं एका शनिवारी मालकाच्या पाण्यातला मासा चोरून मारला आणि डोहातल्या खडकाखाली दडवून ठेवला. रविवारी सगळा गाव, पहारेकऱ्यांसकट, चर्चमध्ये. मासा आणायला याच्याइतकी चांगली वेळ कुठली! घरी 'पोट दुखतंय' म्हणून तो मागं राहिला. प्रार्थना सुटली. भिंतीपाशी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. फार्करच्या आईनं त्याला आपल्या कोटाच्या आड ओढलं आणि त्याच्या दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून धरले.

"कान दाबले, पण डोळे दाबायला तिसरा हात कुठून आणणार?" फार्कर म्हणाला. "कोटाच्या फटीतून मी बघितलं. डोहात माणूस होता. पाणी छातीला लागलेलं. पाय खडकात अडकला असणार. दोन्ही हात वर केले होते, आणि तोंड उघडत होता, मिटत होता. मला वाटलं, हाच तो. रविवारचा. मी बघितलं म्हणजे आता मी मरणार. म्हणून गप्प बसलो. संध्याकाळी टॉर्किल घरी आला नाही. नंतरही कधी आला नाही."

मी चाकू ठेवून त्याच्यासमोर बसले.

"आई?" मी विचारलं.

"मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. आणि माझ्या डोक्यावरून पुन्हा कधी हात फिरवला नाही तिनं." त्यानं शेंग उघडली, आत काही नव्हतं, बाजूला ठेवली. "मला भूतबीत नको आहे, इना. मला एवढंच हवंय की तो काय ओरडत होता ते कळावं. त्यानं माझं नाव घेतलं होतं का? घेतलं असेल तर..."

"मग विचार ना गावात! जुनी माणसं आहेत अजून. मर्डिना आहे."

"काय विचारू? कुणी बघितलंच नाही, कुणी ऐकलंच नाही. माना खाली होत्या ना सगळ्यांच्या. बघणारा पापी मी एकटा. म्हणून दर रविवारी बघतो. वाटतं, एकदा तरी तोंड इकडं करेल आणि सांगेल. तो पाठमोराच असतो. आता इन्व्हरनेसला जायच्या आधी एकदा मीच त्याला हाक मारणार आहे."

"खबरदार!" मी ओरडले. भुतावर विश्वास आहे की नाही, हे त्या वेळी माझं मलाच ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस कोसळला. नदी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊन दगडांवरून उड्या मारत निघाली आणि थांबलेले मासे एकदम वर चढले. त्या आठवड्यात लॉजवर व्हर्नीसाहेब होते, दातांचे डॉक्टर, ग्लासगोकडचे. सगळ्यांना मासे मिळाले, यांना एकही नाही. शनिवारी, हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी, डोहातच एक भला थोरला मासा त्यांच्या गळाला लागला आणि दोरी तोडून गेला. रात्री त्यांनी माझ्या हातचा मटणाचा रस्साही नाकारला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझा रस्सा कुणी नाकारत नाही.

रविवारी आम्ही चर्चमधून बाहेर पडलो तेव्हा नदीचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. भिंत लागली. माना खाली गेल्या. माझीही. पण मला दिसलाच. खडकापाशी, छातीभर पाण्यात. दोन्ही हात वर. मी पुढच्या बुटांच्या रांगेकडे आणखीच घट्ट बघत राहिले.

फार्कर थांबला. त्याच्या मागचे आम्ही सगळे एकमेकांवर आदळलो. त्यानं भिंतीवर दोन्ही हात टेकले आणि हाक मारली.

"टॉर्किल!"

नदीच्या त्या गोंगाटावरून ती हाक गेली. मर्डिना किंचाळली, "अरे मेल्या, काय केलंस!" कुणी मान वर करेना. मी केली. डोहातल्या माणसानं तोंड आमच्याकडे वळवलं, आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. पाणी त्याच्याभोवती फुटून पांढरं झालं होतं.

"फार्कर, तो जिवंत आहे!" मी ओरडले. "व्हर्नीसाहेब आहेत ते!"

फार्करनं मर्डिनाच्या हातातली मेंढपाळी काठी हिसकावली आणि गेलेल्या गुडघ्यांसकट भिंत ओलांडली. त्याच्यामागं हेक्टर आणि आणखी दोघं. फार्कर पाण्यात शिरला, हेक्टरनं त्याचा पट्टा धरला, हेक्टरला दुसऱ्यानं. काठीचं वळलेलं टोक साहेबांच्या काखेत अडकलं. त्यांचे रबरी बूट पाण्यानं भरून पिंपासारखे जड झाले होते. ओढता ओढता चौघंही दोनदा आडवे झाले, पण आले काठावर.

साहेबांना गवतावर पालथं घातलं. पोटातली नदी बाहेर पडल्यावर त्यांचे दात वाजायला लागले. मी माझा कोट त्यांच्यावर टाकला. ते रडत होते.

"मी ओरडत होतो," ते म्हणाले. "तुम्ही सगळे तिथं होता. मी बघत होतो तुम्हाला. आणि तुम्ही सगळ्यांनी... माना खाली घातल्या."

पाद्री काहीतरी पुटपुटायला लागला आणि आपणहून गप्प झाला. फार्कर निथळत उभा होता. तो साहेबांकडे नाही, मर्डिनाकडे वळला.

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. "टॉर्किल गेला त्या रविवारी. त्यानं हात वर केले होते. मी कोटाच्या आडून बघितलं आणि बोललो नाही. गावात बघणारा मी एकटा होतो, आणि मी बोललो नाही."

मर्डिनाला आधाराला काठी नव्हती. ती खाली गवतावर बसली, हळूहळू, एका हातानं जमीन चाचपत.

"एकटा कसला," ती म्हणाली. "मी बघितलं."

तिच्या मागून म्हाताऱ्या रॉरीनं घसा साफ केला. तो जन्मभर चर्चची घंटा वाजवणारा माणूस. "त्याची टोपी वाहत गेली," तो म्हणाला. "करड्या रंगाची. पुलाखाली अडकली होती. मी सोमवारी काढून पुरली."

"त्याच्या अंगात बापाचा सदरा होता," दुसरी कुणी म्हणाली. "मला वाटलं, भुतानं सदरा चोरला."

एकेक जण बोलायला लागला. पन्नास वर्षं जे कुणी बघितलंच नव्हतं ते सगळ्यांनी बघितलेलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. माझ्या सासूबाईही त्यांच्यातच असतील. मला तिथं उभं राहवेना. भर दुपार होती, ऊन होतं, आणि मार्चमध्ये डोहात जे पाहिलं त्याहून मला या गवतावरच्या माणसांची जास्त भीती वाटली.

"तो ओरडत होता का?" फार्करनं विचारलं. "आईनं माझे कान दाबले होते. मर्डिना, काय ओरडत होता?"

"त्या दिवशी नदी संथ होती. वाराही नव्हता," मर्डिना म्हणाली. "सगळं स्वच्छ ऐकू आलं. नावं घेत होता. माझं घेतलं. रॉरीचं. तुझ्या आईचं, आई म्हणून नाही, नावानं. तिनं ऐकावं म्हणून असेल. रविवारचा माणूस नावानंच हाक मारतो, हे पाळण्यापासून ऐकलेलं आम्ही. जितकं नाव घेत होता तितकी आमची खात्री पटत होती."

"आणि माझं?"

मर्डिनानं मान हलवली.

"तुझं नाही. सगळ्यांची घेतली, कुत्र्याचंसुद्धा घेतलं. तुझ्याकडेच बघत होता पोरा, पण तुझं नाव नाही घेतलं. आम्ही म्हटलं, पोरांची नावं भुतांना माहीत नसतात."

फार्करच्या कोटातून पाणी गळत होतं.

"मला पोहता येत नव्हतं," तो म्हणाला. "त्यानं हाक मारली असती तर मी गेलो असतो."