शेजारच्या आजोबांची कॉमिक्स

संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. पुण्याहून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला मी सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आले होते. कोणी 'सगळं नीट चालतंय' म्हटलं की माझे कान टवकारायचे. घरीही तेच. नवरा म्हणायचा, "अगं, त्या पोस्टमनला तरी सोड." पण लंडनच्या २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतरचे दिवस होते, बसस्टॉपवरची पोस्टर्ससुद्धा 'संशयास्पद काही दिसलं तर कळवा' म्हणून सांगत होती. मला ती पटायची.

लेक सात वर्षांची. शाळा सुटली की मी ऑफिसातून येईपर्यंत ती शेजारच्या इटालियन आजी-आजोबांकडे थांबायची. आजी तिला खाऊपिऊ घालायच्या, पैसे मात्र घ्यायच्या नाहीत. फुकट कोणी काही करत नाही, हे माझं ठाम मत. पण गरज माझी होती, म्हणून गप्प बसले.

एका संध्याकाळी लेक उजवा हात ताठ वर करून घरभर परेड करायला लागली. "हे कोणी शिकवलं?" "आजोबांच्या कॉमिकमधला बॉय करतो!" ती सलामी मी महायुद्धाच्या सिनेमांत पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तिला आणायला गेले, तर टेबलावर पिवळी पडलेली कॉमिक्स. आजोबा शाळेत असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इटलीतल्या हुकूमशाही सरकारने मुलांसाठी काढलेली. भाषा येत नसली तरी चित्रं कळत होती. काळ्या शर्टातला गोरा मुलगा, आणि त्याला घाबरून पळणारी सावळी माणसं. पळणाऱ्यांचा रंग माझ्या लेकीचा होता. हा म्हातारा तिला हे का दाखवतो?

तोंडावर विचारायची सोय नव्हती. बिनसलं असतं तर मुलीला ठेवणार कुठे? मग मी लेकीलाच विचारायला लागले. आज आजोबा काय म्हणाले? कुठलं पान दाखवलं? नीट आठवून सांगितलं की हातावर नारळाची वडी. पोरगी हुशार, चार दिवसांत बारीकसारीकही सांगायला लागली.

आणि एक दिवस म्हणाली, "आजोबा बोलला, मीपण सेम असाच होतो."

मी तशीच उठून शेजारी गेले. "माझ्या मुलीला हे का दाखवता?" सरळच विचारलं.

आजोबा शांतपणे म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही की यात खोटं काय आहे. मी तिला ते शोधायला लावतो."

"तुमच्या आईने का नाही सांगितलं?"

त्यांनी एक पान उघडलं. चित्रांत एक शेजारी पाव मिळत नाही म्हणून सरकारला शिव्या देतो, खिडकीखाली उभा मुलगा ते ऐकतो, मास्तरांना सांगतो. शेवटच्या चित्रात त्याच्या छातीवर पदक. "हे वाचून आम्ही सगळी मुलं कान देऊन हिंडायचो," ते म्हणाले. "मी स्वयंपाकघरात आलो की आई बोलता बोलता थांबायची. बाबांशी काही बोलायचं असलं तर आधी नळ सोडायची."

"तुम्ही कधी कोणाचं सांगितलंत?"

आजींनी आमच्याकडे पाठ केली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. आजोबांनी कॉमिक मिटलं.

"मला पदक हवं होतं," एवढंच म्हणाले.

मला त्यांचा राग आला, भीतीही वाटली. त्यांच्या बोलण्यात खरं किती, खोटं किती, मला आजही ठरवता आलेलं नाही. पण लेकीचं तिकडे जाणं मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घरी आणलं आणि काहीही न विचारता कुकर लावला. ती ओट्याशी येऊन उभी राहिली. मग तिने वडीसाठी हात पुढे केला.

"आई, तू आज विचारलंच नाही," ती म्हणाली. "मी सगळा लक्षात ठेवलाय."