‘गेलास’चं ‘गेलीस’ झालं

त्याला आम्ही तार म्हणायचो. अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं, आणि शर्टाच्या खिशात गिटारची एखादी जादा तार कायम गुंडाळलेली. पोटासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचा थोरला भाऊही त्याच कामात होता. थोरला वर मोटारीपाशी, हा तळाच्या खड्ड्यात, आणि मधल्या उभ्या अंधारातून दोघांचं ओरडून बोलणं चालायचं. ती सवय घरीही जाईना. जेवताना दोघं बोलायला लागले की त्यांची आई म्हणायची, “अरे, मी एकाच मजल्यावर आहे.”

मी बेकरीत कामाला होतो. पीठ मळून मळून दंड झाले होते, म्हणून बँडमध्ये ड्रम माझ्याकडे आले. आमची तालीम बेकरीच्या गोदामात, मैद्याच्या पोत्यांमध्ये. ड्रमवर काठी पडली की पिठाचा लोट उठायचा. एवढा धूर फुकटात दुसऱ्या कुठल्या बँडला मिळाला नसेल. गाणारा बुटांच्या दुकानात विक्रेता होता. दिसायला देखणा, म्हणून त्याला सगळे हिरो म्हणायचे आणि त्याला ते पटायचं. थोरला आमच्यात वाजवत नव्हता, पण दर तालमीला यायचा, पोत्यावर बसून पाय हलवायचा आणि शेवटी म्हणायचा, “आवाज चांगला मोठा होता.” याहून जास्त स्तुती त्याने कधी केली नाही.

एका कापडबाजाराच्या इमारतीत काम चालू असताना थोरला वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून आत शिरला. मागे वळून कुणाशी तरी बोलत होता म्हणे. दाराचं कुलूप बिघडलेलं, आणि लिफ्ट तिथे नव्हतीच; ती कितीतरी खाली उभी होती, तिच्या टपावर तो पडला. तार खाली खड्ड्यात होता. त्याला त्या दिवशी वरून ओरडणं नेहमीसारखंच वाटलं.

थोरला मेला नाही. तेच वाईट झालं. दवाखान्यात त्याचा श्वास मशीन घेत होतं आणि बाकी काहीच हलत नव्हतं. आई बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली. नातेवाईक काही बोलायला गेले की म्हणायची, “श्वास चाललाय ना? मग माझा मुलगा आहे. त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही.”

पुढचं मला फार नंतर कळलं, पण सांगताना जागच्या जागी सांगतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तारला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तो परत येणार नाही. आता आपण फक्त त्याला थांबवून धरलंय.” वडील आधीच गेलेले, लग्न थोरल्याचं झालेलं नव्हतं. आई ऐकणार नव्हती आणि ठरवणारा दुसरा कुणी नव्हता. एका सकाळी तार आईला म्हणाला, “तू घरी जा, अंघोळ करून ये. मी आहे इथे.” ती गेल्यावर त्याने सही केली. मशीन बंद झाल्यावर थोरल्याचा हात हातात घेऊन बसला. आई ओल्या केसांनी परत आली तेव्हा दारातच तिला म्हणाला, “तो गेला, आई. आपला आपणच गेला.”

आई रडली, आणि मग म्हणाली, “बघ. मी नव्हते तेवढंच पाहिलं त्याने. माझ्यादेखत जाववेना त्याला.”

ह्या एका वाक्यावर ती बाई पुढे जगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगायची. शेवटी शेवटी तर तिच्या सांगण्यात अभिमान यायला लागला, की मरतानासुद्धा पोराने आईचा जीव जपला. आता त्या वाक्याला हात कोण लावणार? तारने मूग गिळले ते कायमचे.

काही महिन्यांनी त्याने गोदामात एक गाणं आणलं. आम्ही सगळी धांगडधिंग्याची गाणी वाजवणारे. हे मात्र संथ. सुरुवातीला नुसती गिटार, आणि माझे ड्रम शेवटच्या कडव्यापर्यंत गप्प. मी म्हटलं, “मी काय तोवर पाव भाजून येऊ?” तो हसला नाही. गाण्याचं धृपद असं होतं:

जा तू आता, मागे वळून पाहू नको,
माझ्यासाठी दारात उभं राहू नको.
दार मीच उघडलं, दार मीच लावीन,
विचारलं कुणी, तर ‘तूच गेलास’ सांगीन.

भावावरचं आहे हे आम्हाला कळलं. कळणारच. दार उघडणं म्हणजे काय, हे काही आम्ही विचारलं नाही. गाण्यात लोक काहीबाही उघडतात आणि लावतात.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी हिरो माइकसमोर उभा राहिला आणि त्याने गायलं, “तूच गेलीस.” मी काठ्या खाली ठेवल्या.

“गेलास आहे ते,” मी म्हणालो.

“ठाऊक आहे,” हिरो म्हणाला. “पण बाप्याने बाप्याला ‘जा’ म्हणण्यात काय आहे? मुली रडल्या पाहिजेत. सबंध गाण्यात तेवढंच एक अक्षर आड येतंय. बाकी सगळं कुणालाही चालतं.”

मला वाटलं, तार आता गिटार त्याच्या डोक्यात घालणार. तो खाली मान घालून गिटारची तार पिळत होता. म्हणाला, “राहू दे. तेच बरं आहे.”

आणि मुली रडल्या. मुलंही रडली. रेडिओवर, बसमध्ये, कॉलेजच्या निरोपसमारंभात, जिथे तिथे ते गाणं. ज्याला जसं हवं तसं त्याने घेतलं. बायको सोडून गेलेला एक शिक्षक आम्हाला भेटायला आला आणि हिरोच्या गळ्यात पडला. एक माणूस म्हणाला, “दारू सोडली तेव्हा हेच लावायचो. बाटलीला सांगतोय असं वाटायचं.” लोक लग्नातसुद्धा वाजवायचे. नवरा-नवरी एकमेकांच्या डोळ्यांत बघताहेत आणि वर ‘जा तू आता’ चाललंय. कुणाचं शब्दांकडे लक्ष नसतं, हे मला तेव्हा कळलं.

एकदाच एक बाई नीट ऐकून आली. मैदानातला कार्यक्रम होता, आम्ही वायरी गुंडाळत होतो. साधी, मध्यम वयाची बाई, हातात रिकामी पिशवी. तिने हिरोकडे पाहिलंही नाही, सरळ तारला विचारलं, “तुम्ही लिहिलंय ना? हे मरणाचं गाणं आहे ना? माझ्या मुलाच्या वेळी मलाही विचारलं होतं. मी पण हो म्हणाले होते.”

तारच्या हातातली वायर तशीच राहिली. मग तो म्हणाला, “नाही हो ताई. प्रेमाचं आहे. साधं प्रेमाचं.”

ती बाई शरमली. “चुकलंच माझं,” म्हणाली आणि गर्दीत मिसळली. काय विचारलं होतं, कशाला हो म्हणाली, मला तेव्हा ओ की ठो कळलं नाही. मी एवढंच पाहिलं, की ती गेली त्या दिशेला तार बघत होता. पण मागे गेला नाही.

त्याची बायकोही त्याला गाण्यातूनच मिळाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तो डोळे तपासायला गेला, ‘ते गाणं यांचंच’ म्हणून कुणीतरी ओळख करून दिली, आणि ही त्याच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता थांबली. पुढे ती मला सांगायची, “भाऊजी, मला वाटलं, जो माणूस जाणाऱ्या मुलीला कुणी ‘टाकलेली’ म्हणू नये म्हणून एवढं जपतो, तो घरातल्या बाईला किती जपेल!”

पहिली काही वर्षं तिला गाण्यातल्या त्या मुलीचं कौतुकच होतं. सासूसुनेची जोडी जमली होती. सासू भाजी निवडता निवडता तेच गाणं गुणगुणायची आणि मुलाला चिडवायची, “कोण होती रे ती? मला तरी दाखवायचीस. सोडून गेली म्हणून बरं, नाहीतर ही कुठून मिळाली असती?” सून हसायची. तार उठून गॅलरीत जायचा.

हे उठून जाणंच त्याला नडलं. हळूहळू सुनेचं हसू आटलं. तो कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून पडला, की ती म्हणे, “आली वाटतं आठवण.” नवी निळी साडी नेसली की आरशातून विचारी, “तिला निळा रंग आवडायचा का?” मूलबाळ झालं नाही, त्याचाही दोष त्या मुलीच्याच माथी गेला. “नाव तरी सांग,” हे तिचं पालुपद. एक दिवस तो वैतागून म्हणाला, “होती एक. झालं समाधान?”

सुटला असं वाटलं असेल त्याला. तो आगीतून निघून फुफाट्यात पडला. कारण आता ती मुलगी खरी झाली. तिला उंची आली, केस आले, चालणं आलं. बायको तिच्याशी रोज भांडायची. नवरा घरात नसतानाही.

तारने बँड सोडला. बँडही तसा राहिला नव्हता. मी बेकरीतच म्हातारा होत होतो.

मग आई गेली. वयाने गेली, घरात, मुलगा आणि सून दोघं उशाशी असताना. पाहुणे परतले, त्या दुपारी तारने बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दवाखाना, सही, ओल्या केसांनी आलेली आई. आयुष्यात तो एका दमात एवढा कधी बोलला नव्हता.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई गेल्या म्हणून आता भावाच्या नावावर खपवतोस? ‘गेलीस’ आहे त्यात. सगळ्या गावाने ऐकलंय. आणि तूच तर म्हणालास, होती एक म्हणून.”

तो माझ्याकडे आला. बेकरीच्या मागच्या दारात उभं राहून मला तेच सगळं सांगितलं, आणि म्हणाला, “तू तिथे होतास. तिला सांग, आधी काय होतं ते.”

मी तसाच, हाताचं पीठही न धुता गेलो. सांगितलं, “वहिनी, आधी ‘गेलास’ होतं. हिरोने बदललं. तार ‘नको’ म्हणाला नाही, एवढंच. मुलगी कुणी नव्हती. मी लहानपणापासून ओळखतो त्याला. त्याला मुलीशी बोलायचं म्हटलं तरी घाम फुटायचा.”

तिने माझ्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं. तिला पटलं. मला वाटलं, जिंकलो.

“मग मी इतकी वर्षं कुणाशी भांडले?” ती म्हणाली.

मी हातावरचं सुकलेलं पीठ खरवडायला लागलो.

“भाऊजी, त्याने भावाला सोडवलं, त्यात मला काही वाईट दिसत नाही. मीही तेच केलं असतं. पण त्या म्हातारीला मी माझ्या हाताने जेवू घालत होते. ती मला रोज सांगायची, माझ्यादेखत जाववेना माझ्या मुलाला. मी डोळे पुसायचे तिचे. आणि हा समोर बसून ताटात बघायचा. मला एकदा, एकदाच जवळ घेऊन सांगावंसं वाटलं नाही त्याला? मी कुणाला सांगणार होते? त्यापेक्षा मला एक परकी बाई दिली त्याने. घे म्हणाला, खेळत बस हिच्याशी.” ती उठली आणि खिडकी लावली. “खरी असती ना, तरी परवडली असती.”

त्याच आठवड्यात ती बहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. बहिणीचं घर दुकानाला जवळ आहे, असं लोकांना सांगितलं. तार तिला आणायला गेला होता. बहिणीने चहा दिला, तिघं बसले, हवापाण्याचं बोलले. जिना उतरताना तिने त्याला फक्त सांगितलं की गरम कपडे वरच्या खणात आहेत.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तार अजून कामावर जातो. शिड्या चढायला त्याला देत नाहीत; नवीन मुलांनी बसवलेलं तपासायला पाठवतात. रविवारी मी पाव आणि कोपऱ्यावरच्या टपरीतला चहा घेऊन जातो. आम्ही दोघं चहात बुडवून खातो आणि तो आईच्या खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर बसतो. गिटार नाही घरात. विचारलं तर म्हणाला, कुणाला तरी दिली.

मागच्या खेपेला खालच्या मजल्यावर कुणी तरी तेच गाणं लावलं. एक तरुण मुलगी बरोबर गात होती, मन लावून, थोडी बेसूर. मला वाटलं तो उठून खिडकी लावील. उठला नाही. पाव हातात तसाच धरून शेवटपर्यंत ऐकलं त्याने.

“छान म्हणते,” मी आपलं काही तरी बोललो.

“हिला कोण सोडून गेलं असेल?” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “लिहायला नको होतं रे. लिहिलं नसतं, तर विसरलो तरी असतो.”

त्याच्या हातातला पाव चहात पडून विरघळला होता. मी उठलो, त्याच्या हातातला कप मोरीत ओतला आणि म्हटलं, आज घरातच टाकू चहा. साखर कुठे आहे विचारलं, तर त्याला सांगता येईना. ती काय कुठे ठेवून गेली, ते त्याने अजून शोधून पाहिलेलं नव्हतं.