माझाच रिपोर्ट मी मागे घेतला

"सर, गुरुवारचं ऑपरेशन थांबवा."

फोनवर सर्जननी विचारलं, "मॅडम, रिपोर्टवर सही तुमचीच आहे ना?"

होती. मी पॅथॉलॉजिस्ट. शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून आजाराचं नाव सांगणं हे माझं काम. खालापूरच्या लॅबमधून दोनच दिवसांपूर्वी मी लिहून दिलं होतं, जठराचा कॅन्सर. पेशंट यशवंतकाका, कशेळ्याकडचे लग्नाचे आचारी. मुठीएवढी गाठ. पूर्ण जठर काढायचं ठरलं होतं.

त्या सकाळी स्लाइड पुन्हा पाहिली. पोटाच्या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी बहुधा एकमेकींना धरून असतात. या सुट्या होत्या. लिम्फोमा असा दिसतो. हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर जठरात क्वचितच सुरू होतो आणि झपाट्याने वाढतो. पण औषधांनी तो विरघळू शकतो. जठर काढायची सहसा गरज पडत नाही.

"खात्री आहे?"

"नाही. म्हणूनच थांबा म्हणतेय. मार्कर टेस्ट करू."

"गाठीतून रक्त जातंय, मॅडम."

"ॲडमिट ठेवा. चार दिवस द्या."

"चारच. वर एक नाही."

मार्कर टेस्टमध्ये ठरावीक जातीच्या, इथे पांढऱ्या, पेशींवरच तपकिरी रंग चढतो. तुकडे मुंबईला पाठवले आणि मी वॉर्डात गेले. एरवी पेशंट आम्हाला दिसतही नाही.

"काका, माझा पहिला रिपोर्ट बहुतेक चुकलाय."

काका म्हणाले, "मीठ पडलं का नाय, आमी पन इसरतो कदी कदी. परत चाखलंत ना? बास."

चौथ्या दिवशी स्लाइड आली. सगळीकडे तपकिरी रंग. लिम्फोमाच.

केमोचे सहा डोस झाले. काकांचे केस गेले, वजन उतरलं. केमो संपल्यावर एंडोस्कोपी होती. सर्जननी मला मुद्दाम बोलावून घेतलं.

स्क्रीनवर गुलाबी, ओलसर जठर. गाठीच्या जागी फक्त फिकट वण. वीस वर्षं मी काचेवरच्या मेलेल्या पेशी बघत आलेय. इतकं मोठं काहीतरी निघून गेल्यावरची जिवंत जागा पहिल्यांदाच बघत होते. मला हुंदका आला.

वणाचे तुकडे घेतले. तीनदा तपासले. एकही वाईट पेशी नाही.

काकांच्या तपासण्या अजून चालू आहेत, आणि लग्नांचे स्वयंपाकही.

कॅन्सरचा रिपोर्ट आता मी रात्रभर ठेवते आणि सकाळी पुन्हा बघून मगच सही करते. दुसऱ्यांदा बघायला दहा मिनिटं जास्त लागतात.