रुवीतली पोलिश विभक्ती

काळ्या वाळवलेल्या लिंबाच्या चहाचा वास आला की मला ओमानमधल्या रुवीतली आमची खोली आठवते. तिथे दापोलीकडचा एक वेल्डर आमच्यासोबत राहायचा. त्याच्या पगारात ओमानचा नियम बायकोला आणू देत नव्हता, त्यामुळे लग्न झाल्यापासून त्याचा संसार फोनवरच चालला होता. मी त्या नियमावर तावातावाने बोलत बसायचो; तो मात्र पोलंडच्या कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून पोलिश शिकू लागला. त्या भाषेत सात विभक्ती, आणि प्रत्येकीत नामाचा शेवट बदलतो. सरावासाठी त्याने ‘झोना’ म्हणजे बायको हाच शब्द घेतला आणि शाळेत ‘स, ला, ते’ घोकायचो त्या चालीवर आम्ही सगळेच तो घोकू लागलो. “अरे, बायको माझी आहे, जरा हळू!” तो ओरडायचा. मुलाखतीत पडद्यावरच्या पोलिश बाईंनी विचारलं, एकटे येणार की कुणासोबत? चालीवर पाठ केलेलं मधूनच आठवेना. तो पहिल्यापासून गुणगुणू लागला, “झोना, झोनी, झोन्ये, झोनें...” आणि पाचव्या रूपावर थांबून ठासून म्हणाला, “झ झोनों.” बायकोसोबत! बाई खळखळून हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “पहिलं वर्ष एकटे या, मग तिला आणा.” त्याने लगेच स्पीकरवर गावी फोन लावला. “अगं, पासपोर्ट काढायला घे.” पलीकडून बायकोने हरखून विचारलं, “ओ, थंडी लय असते काय तिकडं?” पगार बघून माणसांना वेगळं ठेवणाऱ्या नियमांविरुद्ध मी आजही पत्रकं लिहितो, आणि लिहायला बसलो की आधी तिचा तो हरखलेला आवाज ऐकू येतो.