कापता न येणारी काच

पोलिसाच्या नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी विसरलो, पण बीडमधलं ते काचेचं प्रकरण डोक्यातून जात नाही. त्यात माझीही चूक आहे, म्हणून असेल.

शहरात अकरा मजली इमारत उभी राहत होती. दर्शनी बाजूला नुसत्या काचाच काचा. भर दुपारी सातव्या मजल्यावरची एक काच तडकून निखळली आणि खालून शेळ्या हाकत चाललेल्या पाली गावच्या एका माणसाचा खांदा चिरून गेली. जीव वाचला, पण हातातली ताकद गेली. समोरच कोचिंग क्लासेस, पोरांची दिवसभर ये-जा. आणि तशाच काचा वर प्रत्येक मजल्यावर बसवलेल्या.

साइट इंजिनिअरने फिर्याद दिली. त्याचं म्हणणं, काच टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली. प्रमाणपत्र आहे, प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात शिक्का आहे. दोष बसवणाऱ्या मिस्त्रीचा. मिस्त्री तलवाड्याचा, आधी घरांच्या खिडक्या आणि तसबिरी करणारा. ठाण्यात आणलं तर तो नजर चुकवू लागला. नजर चुकवणारा काहीतरी लपवतो, हा आमचा जुना ठोकताळा. कबूल कर म्हणून दरडावलं, तरी गप्प. मी दोन कानाखाली दिल्या.

दुसऱ्या दिवशी जखमीची बायको जबाब द्यायला आली. अंगठा उठवून झाल्यावर जाता जाता म्हणाली, "साहेब, आमच्या गावापाशी जीपच्या खिडकीची काच फुटली व्हती, ती ज्वारी सांडल्यावानी सांडली. ही तर विळ्यावानी आली. ही काच येगळी हाय."

मी मुद्देमाल उघडला. पंचनाम्यात मीच लिहून घेतलं होतं, 'लांब धारदार तुकडे'. एवढे अपघात पाहिलेला माणूस मी, आणि हे मला त्या बाईकडून कळावं लागलं. बाजारातल्या जुन्या काचवाल्याला गाठलं. तो म्हणाला, उन्हाने तडकते ती साधी काच; टफन काच फुटली की तिचे दाणे होतात. शिवाय ती आधी मापात कापतात आणि मगच भट्टीत घालतात. नंतर कापायला गेलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो.

इंजिनिअर मात्र हटेना. एवढ्या उंचावरून पडली तर कुठलीही काच कशीही फुटेल, म्हणे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. तोवर पोरांच्या डोक्यावर त्या काचा राहू द्यायच्या नाहीत, एवढं मी पक्कं केलं.

मिस्त्रीला चहा दिला आणि प्रश्न बदलला. गुन्हा राहू दे, म्हटलं, काम कसं केलंस ते सांग. कामाचं नाव निघताच गडी बोलायला लागला. सातव्या मजल्यावर एका चौकटीला काच दोन बोटं जास्त झाली. काम अडू नये म्हणून त्याने कुणाला न सांगता ती कापली.

"कशानं कापलीस?"

"कटरनं, साहेब. माझाच गुन्हा हाय. मालकाला न इचारता काच कापली."

ज्या गोष्टीला तो घाबरत होता, तीच त्याला सोडवणारी होती. कापलेली पट्टी त्याने घरी नेऊन आईच्या चुलीपाशी उजेडासाठी भिंतीत बसवली होती. पंचांसमक्ष ती काढली. कोपऱ्यात टफनचा शिक्का शाबूत होता.

मग साइटवर पंच आणि इंजिनिअरसमोर शिक्क्याची एक कोरी काच आडवी ठेवली. मिस्त्रीने कटरची एक रेघ ओढली, हलकेच दाबलं आणि काच सरळ दुभंगली. इंजिनिअरने साध्या काचेवर शिक्के कुठून मारून आणले, ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं. इमारतीखालचा रस्ता मी काच दुभंगली तेव्हाच बंद करवला होता. पुढे शेवटची काच उतरेपर्यंत तो उघडू दिला नाही.

शिक्का बघून माणसाने निर्धास्त होऊ नये, आणि गप्प माणसाला गुन्हेगार समजू नये, हे मी तिथे शिकलो. पण खरा धडा कोर्टाच्या पायऱ्यांवर मिळाला. मिस्त्री साक्ष देऊन बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, त्या दिशी मला का म्हून मारलं?"

मी खरं तेच सांगितलं, की मला काचेतलं काही कळत नव्हतं.

"मला बी कळत नव्हतं, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "पण मी कुणाला मारलं न्हाई."