सहा पानं रद्द

म्हैसूरच्या दसऱ्यात आम्ही एका मराठी बाईंच्या खाणावळीत रात्रीची सहा पानं सांगून ठेवली होती. ऐनवेळी कळलं, राजवाड्याचे सगळे दिवे जेवणाच्या वेळीच एकदम लागतात! मुलं हट्टाला पेटली. नको म्हणून सांगायला मी धावत गेलो. वाटलं, बाई फाडून खाणार.

त्या तांदूळ धूत होत्या. माझं ऐकलं, ओले हात पदराला पुसले आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अय्यो, भात टाकायच्या आधी सांगितलंत की! चला बेगा बेगा, मीपण येते!"

जन्म म्हैसुरात गेला, पण दसऱ्यात पाहुण्यांना वाढता वाढता त्यांचे ते दिवे बघायचे राहूनच गेले होते.

लख्खकन राजवाडा उजळला. त्यांनी माझ्या बायकोचं मनगट घट्ट धरलं.

"पुढच्या वर्षीपण पानं सांगा हं! आणि असंच ऐनवेळी नको म्हणा!"