पाचवीच्या बाईंचा पहिला प्रश्न

म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होई. तोवर मुलांना शाळेची सवय झालेली असे आणि रत्नप्रभा कांबळी बाईंची भीती चांगली पिकलेली.

बाई स्वतः इंग्रजी शिकल्या त्या मालवणला, आठवीत, वर्गभर मुलींबरोबर एका सुरात. पुढे डी.एड.लाही सुरातच. घाटकोपरच्या टेकडीखालच्या ह्या शाळेत शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी घरचाच माल बाजारात मांडला. खिडकीवर छडी टेकवून बाई 'धिस' म्हणत, आणि 'इज अ विंडो' हे अख्खा वर्ग छप्पर उचलून म्हणे. शेजारच्या वर्गातली मुलं तेवढ्यापुरते पाढे विसरत. ह्या पद्धतीत चुकणारा कुणालाच ऐकू येत नसे, हा तिचा मोठा गुण. बाईंनी एखादं इंग्रजी वाक्य एकटीनं शेवटपर्यंत नेल्याचं खुद्द बाईंनाही आठवत नव्हतं.

गिरण्यांचा संप होऊन गेल्यावरचं ते वर्ष. टेकडीवरच्या घरांत बाप मिळेल ती नोकरी धरत होते, आणि पोरांच्या नशिबी गिरणी नको एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. नेमकी तेव्हाच खाली नाक्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये, इंग्लिश मीडियमची शाळा निघाली. टाय, बूट, डोक्यावर पंखे. पाचवीच्या मुलाला तिथे दुसरीत बसवत. तरी आईबाप पेढे वाटत. बाईंच्या वर्गातून दाखले जाऊ लागले.

"अजून थोडी मुलं गळली की वर्ग बंद," हेडमास्तर राणे म्हणाले. "मग तुम्ही सरप्लस, म्हणजे बदली. मानखुर्दला जागा आहे म्हणे."

बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मधल्या सुट्टीत धावत जाऊन त्यांना चार घास भरवून यायचे, हा बाईंचा रोजचा नेम. मानखुर्दहून ते जमणारं नव्हतं, आणि दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी पालकसभा ठेवली. आपली मुलंही इंग्रजी बोलतात हे दाखवायचं ठरलं. इंग्रजी न येणाऱ्या शिक्षकांनी शिकवलेल्या इंग्रजीची परीक्षा इंग्रजी न येणारे पालक घेणार होते. परीक्षेची तयारी मात्र दोन्ही बाजूंची कडक होती.

मुलांनी खिडकी, दार, फळा, मान, गुडघा सगळं एका दमात म्हटलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून काशीराम परब उठला. एके काळचा गिरणीतला जॉबर, आता अंधेरीतल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्याची शेवंती दुसऱ्या रांगेत होती. तिची जिवाभावाची लता गेल्याच महिन्यात हॉलच्या शाळेत गेली होती, आणि काशीरामनं तिथल्या फीची चौकशीही केली होती.

"बाईनु, झकास झाला," तो म्हणाला. "पण आरतीत सगळ्यांका सगळा येता. बाजूचो तोंड हलवता, म्हणान आपणय हलवतो. एकट्याक उभा करा."

सभा हसली. बाई हसल्या नाहीत. दोन कडव्यांनंतर आपण नुसत्या टाळ्या वाजवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"करतील की!" राणे घाईनं म्हणाले. "कुणालाही विचारा, बाई."

"आमच्याच शेवंतीक विचारा," काशीराम म्हणाला. "आणि पुस्तकातला नको."

शेवंती उभी राहिली. बाईंनी सवयीनं छडी खिडकीकडे नेली, 'धिस' म्हटलं आणि थांबल्या. वर्ग गप्प. गप्प बसायचं बाईंनीच बजावलं होतं. अर्धवट वाक्य हवेत लोंबकळत राहिलं. मागच्या रांगेतली एक आई पदरात खुसखुसली. "बाईंनाच येत नाय वाटतं!"

बाईंचे कान तापले. छडी टेबलावर ठेवून त्या शेवंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यात एकच गोष्ट होती, तीच तोंडात आली.

"शेवंती," त्या म्हणाल्या. एकेक शब्द काळजीपूर्वक खाली ठेवत. "यू... वॉन्ट... टू गो? दॅट स्कूल?"

हे पुस्तकात नव्हतं. पोरीनं बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"येस," ती म्हणाली. मग थोडं थांबून, स्पष्ट, "लता इज देअर. आय गो."

सभा उसळली. एकटीनं! पुस्तकाबाहेरचं! राणे कुणाचा तरी हात हातात घेऊन हलवत होते.

"बोलला मा माझा चेडू!" काशीरामची छाती फुगली. "काय विचारलात, बाई?"

उत्तर सोपं होतं. पाऊस आवडतो का विचारलं, म्हणून सांगितलं असतं तरी ह्या खोलीत खोटं पाडणारं कुणी नव्हतं. एक शेवंती सोडून. राणेंचे डोळे बाईंना हेच सुचवत होते. शेवंती वाट पाहत उभी होती. आपलं म्हणणं बाई बापाला सांगतील, अशा पूर्ण खात्रीनं.

"त्या शाळेत जायचंय का, विचारलं," बाई म्हणाल्या. "ती हो म्हणाली. लता तिथे आहे म्हणून."

खोली गार पडली. राणेंनी तो हात सोडून दिला. काशीराम बोटांवर काहीतरी मोजू लागला.

"म्हणजे," तो अखेर म्हणाला, "जावचा आसा, ह्या सांगूक चेडू हयच शिकला?"

"हो."

"मगे थय फी कित्याक भरू? दुसरीत बसवक?"

हे गणित सगळ्यांना एकदम पटलं. "बरोबर बोलला परब!" दोघातिघांनी माना डोलावल्या. खुसखुसणाऱ्या आईनं आपल्या मुलाला दोन आसनं पुढे ढकललं. वर्ग वाचला, हे राणेंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी शिपायाला चहा सांगितला.

शेवंती अजून उभीच होती. बाई तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेल्या. तिनं डोकं काढून घेतलं.

"मी खरं बोलले ना, बाई?"

"हो गं."

"मग मी इथेच का?"